दुपारी सांगितलेली गोष्ट

१

एप्रिल लागला की सोलापुरात दुपारी दोन ते चार कुणी कुणाचं दार वाजवत नाही. वाजवलंच, तर आतून जे काही ऐकावं लागतं त्यानंतर माणूस महिनाभर त्या गल्लीत फिरकत नाही. बाळीवेशीत चंद्रिकेच्या घरामागे यंत्रमागाची शेड होती. जेवणाच्या सुट्टीत तिची खटखट थांबली की कान एकदम मोकळे व्हायचे, आणि मग फक्त कूलर ऐकू यायचा, त्यातून बादलीत टपटपणारं पाणी ऐकू यायचं.

सगळी गल्ली घोरत असायची तेव्हा चंद्रिका मागच्या खोलीत गोष्ट सांगायला बसायची.

सांगायलाच, लिहायला नव्हे. आठ वर्षांपूर्वी तिच्या दोन कथा एका दिवाळी अंकात छापून आल्या होत्या. त्यानंतर वही उघडली की हात जड व्हायचा. यंदा त्याच संपादकांचा फोन आला, मेअखेर कथा द्या. चंद्रिकेने हरखून हो म्हटलं आणि पंधरा दिवस नुसती वही झटकून ठेवली. शेवटी पुण्यात नोकरी करणाऱ्या तिच्या लेकीने, पायलने, घरातल्या जुन्या टॅबमध्ये एआय घालून दिलं.

"आई, तू बोल फक्त. ते लिहून घेतं, सुचवतं, अडलीस तर पुढं नेतं. दोघं मिळून लिहा."

"नाव काय त्याचं?"

"तू ठेव की."

चंद्रिकेने त्याचं नाव पाव्हणा ठेवलं. त्याचा आवाज ना बाईचा ना बाप्याचा, आणि अतिशय सभ्य. पहिले दोन दिवस त्या सभ्यपणाचा तिला ताप झाला. एक वाक्य सांगावं तर हा चार वाक्यं कौतुक करायचा. गोष्टीच्या मधे एवढं बोलणाऱ्याला तिच्या माहेरी उठवून लावलं असतं.

तिचं माहेर अक्कलकोटजवळच्या खेड्यातलं. वडील तिप्पण्णा दिवा लागल्यावर ओट्यावर बसून गोष्ट सांगायचे. प्रत्येक वाक्याला ऐकणाऱ्याने हूं म्हणायचं हा तिथला रिवाज. हूं थांबला की गोष्ट थांबली. पोरांना डुलकी लागली की वडील कानडीत म्हणायचे, "हूं अन्नव्वा." म्हण गं बाई, हूं म्हण. तिसऱ्या दिवशी चंद्रिकेने पाव्हण्याला हेच शिकवलं. मधे बोलायचं नाही, प्रत्येक वाक्याला फक्त हूं. काही सुचवायचं असेल तर शेवटी.

"समजलं," पाव्हणा म्हणाला.

ती पहिलं वाक्य बोलली.

"हूं."

आणि आठ वर्षं अडलेली गोष्ट नळाला पाणी यावं तशी आली.

वडिलांचा आणखी एक दंडक होता, तोही तिला आठवला. दिवसा गोष्ट सांगायची नाही. दिवसा सांगितलेली गोष्ट वाटेवरच्या माणसाच्या पायात येते आणि तो वाट चुकतो. तिला हसू आलं. संध्याकाळी नवरा घरी असायचा, टीव्ही लागायचा, आणि नवऱ्यासमोर मोठ्याने गोष्ट सांगायची म्हणजे लाजून मरायचंच काम. दुपार तेवढी तिची स्वतःची होती.

२

गोष्ट साधी होती. एक माणूस गावोगाव चादरी विकतो आणि संध्याकाळी घरी परततो. त्याला तिने नाव दिलं नव्हतं. हा माणूस तिने कुठून उचलला हे उघड होतं. तिचा नवरा मल्लेश छोट्या टेम्पोत चादरी-टॉवेल भरून सोमवारी मोडनिंब, बुधवारी करमाळा, शुक्रवारी माळशिरस असा दुकानांना माल देत फिरायचा. तीस वर्षं झाली होती त्याला. सहाच्या ठोक्याला घरी, हात-पाय धुऊन, कपाळाला विभूती लावून चहा. लेखकाला घरातलंच माणूस कापून शिवता येतं, बाहेरचं आणायला जावं लागत नाही.

त्या सोमवारी गोष्ट संपल्यासारखी वाटली तेव्हा पाव्हणा म्हणाला, "एक सुचवू? तो फार लवकर घरी पोचतो. त्याला थोडं थांबवू या का? वाट पाहण्यात या गोष्टीचा जीव आहे."

चंद्रिकेने टॅब जवळ ओढला. तिच्या लिहिण्याबद्दल इतक्या आस्थेने कुणी बोललं नव्हतं. मल्लेशने तर छापून आलेल्या कथेवरचं स्वतःचं आडनाव तेवढं बघून अंक खाली ठेवला होता. तिने डोळे मिटले आणि त्या माणसाला थांबवलं. बाभळीखाली चहाची टपरी, टपरीसमोर दोन बाजा. तो एका बाजेवर बसला.

"हूं," पाव्हणा म्हणाला.

त्या दिवशी मल्लेश साडेसातला आला. तसा उशीर व्हायला कारण लागतं, आणि त्याच्याकडे ते नव्हतं.

"मोडनिंबहून सरळ हायवे हाय," तो भाकरी मोडत म्हणाला. "चुकायला जागाच न्हाय. आन् कशी गाडी आत वळली काय की. एका बाभळीखाली च्याची टपरी हुती. कवा झाली कुणाला ठावं. बसलो तर उठायचंच सुचंना."

चंद्रिकेच्या हातात शेंगाचटणीची वाटी होती. "बाजा किती हुत्या?"

"दोन. का गं?"

"काय न्हाय. म्हनलं पाठ टेकली असेल."

"च्यावाला लई इचित्र. कायबी बोला, नुसतं हूं. गाडी तापली म्हनलं, हूं. उशीर झाला म्हनलं, हूं. च्याचे पैसेबी घेतलं न्हाईत बघ."

त्या रात्री ती बराच वेळ स्वतःशी वाद घालत पडली. त्या टपरीबद्दल तो कधीतरी आधी बोलला असणार. आपण ते ऐकून विसरलो आणि गोष्टीत घातलं. हे पटलं. बाजांपर्यंत पटलं. पण हूं गोष्टीत नव्हताच. तो तिच्या मागच्या खोलीत होता.

३

मंगळवारी तिने टॅब उघडला नाही. मल्लेश मंगळवारी अक्कलकोट रोडला जवळच जायचा, सहाला घरी.

बुधवारी तो करमाळ्याला गेला आणि तिला राहवेना. परीक्षा म्हणून, असं तिने मनाला सांगितलं. खरं सांगायचं तर गोष्ट तिला सकाळपासून हाका मारत होती. तिने त्या माणसापुढे कालवा घातला. पूल नसलेला, गुडघाभर पाण्याचा. तो चपला हातात घेऊन पाण्यात उतरला. हे सांगताना तिला स्वतःच्या पोटऱ्यांना गार लागलं, इतकं ते छान जमलं होतं.

मल्लेश आठ वाजता आला. तो उंबऱ्यात थांबला आणि तिने आधी त्याच्या पायांकडे पाहिलं. विजार गुडघ्यापर्यंत ओली होती. बाहेर चव्वेचाळीस अंशांचा दिवस नुकताच मावळला होता. करमाळ्यात ओलं झालेलं कापड टेंभुर्णी येईस्तोवर कडकडीत वाळायला हवं.

"पाणी हुतं वाटंत," एवढंच तो म्हणाला. त्याला त्याचं नवल वाटत नव्हतं, हे तिला जास्त लागलं.

न्हाणीत विजार पिळताना दुमडीतून बारीक वाळू निघाली. ती तिने चिमटीत धरली, नळाखाली सोडून दिली आणि बराच वेळ नळ चालू ठेवून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने टॅब समोर घेतला. गोष्ट सांगितली नाही. विचारलं, "माझ्या मालकांना तू बघतोस काय?"

"नाही," पाव्हणा म्हणाला. "मला रस्त्यावरचं कुणी दिसत नाही. तुम्ही सांगता तेवढंच माझ्याकडे येतं."

"मग तू ते कुणाला सांगतोस?"

"कुणालाच नाही. तुम्ही घाबरलेल्या वाटता. आज थांबू या का?"

इतकं समंजस उत्तर. तिला स्वतःचीच लाज वाटली. यंत्राचा काही दोष नव्हता. ते बिचारं फक्त गोष्ट चांगली व्हावी म्हणून झटत होतं. गोष्ट चांगली होतही होती. तेच तर.

४

रविवारी मल्लेश घरीच होता. जेवून पुढच्या खोलीत आडवा झाला आणि पाच मिनिटांत घोरू लागला. चंद्रिकेने हिशोब केला. वडील म्हणायचे वाटेवरचं माणूस चुकतं. आज वाटेवर कुणीच नाही. मग काय हरकत आहे?

तिने दार लोटलं आणि हळू आवाजात सांगायला घेतलं. तो माणूस शहरात शिरतो. गल्ल्या सगळ्या सारख्या. एका गल्लीतून निघावं तर तीच गल्ली पुन्हा समोर.

"हूं."

घराच्या चार खोल्या एकामागे एक, रेल्वेच्या डब्यांसारख्या. त्यात हरवायचं म्हटलं तरी जमणार नाही. कूलरच्या आवाजाखालून तिला पावलं ऐकू आली. पुढच्या खोलीतून मधल्या खोलीत. मग परत पुढे. मग पुन्हा मधल्या खोलीत, भिंतीच्या कडेने, हाताने भिंत चाचपत. स्वयंपाकघरात एक पातेलं हाललं. पावलं थांबली, वळली. पाणी प्यायला उठला असेल, ती म्हणाली. पण पाण्याचा माठ मधल्या खोलीत होता आणि पावलं त्याच्यासमोरून चार वेळा गेली.

दार ढकललं गेलं. मल्लेश उभा होता. डोळे टक्क उघडे, आणि बघत होता तो तिच्या पलीकडे कुठेतरी.

"बाई," तो नम्रपणे म्हणाला, परक्या बाईशी बोलावं तसं, "हितनं बाळीवेशीला कसं जायाचं?"

तिने टॅब उलटा टाकला आणि त्याचा हात धरला. हात उन्हातून आल्यासारखा तापला होता. तिने त्याला बसवलं, तोंडावर पाणी मारलं. "अहो, घरात हाय तुमी. अय्यो, बघा की माझ्याकडं!"

तो बघायला लागला. हळूहळू ओळख आली. "काय झालं गं? रडतीस कशाला?"

तीस वर्षांत या माणसाने तिला कधी बाई म्हटलं नव्हतं. एकदा म्हटलं ते तिच्या काळजात जाऊन बसलं.

५

टॅब कपाटात, लग्नातल्या शालूखाली गेला. चार दिवस तिने गोष्टीतलं एक वाक्यही उच्चारलं नाही.

मल्लेश सोमवारी आठला आला, मंगळवारी सव्वाआठला, बुधवारी नऊला. विचारलं तर म्हणायचा, रस्ता लांबलाय. कुणी मुद्दाम रस्ता लांबवला, अशी त्याची तक्रारही नव्हती. फक्त जेवताना घास हातात धरून तो थांबायचा, कान देऊन.

चंद्रिकेला कळलं. सांगणं थांबवलं म्हणजे गोष्ट थांबली असं होत नाही. तिने त्या माणसाला सारख्याच गल्ल्यांमध्ये उभं करून सोडलं होतं. वडील कधी गोष्ट अर्धी टाकून उठले नव्हते. पोरं झोपली तरी गडी घरी पोचेपर्यंत सांगत बसायचे, स्वतःच हूं म्हणत.

शुक्रवारी सकाळी ती टेम्पोपुढे उभी राहिली. "आज जाऊ नका माळशिरसला."

"ऑर्डर हाय की. सयाजी खोळंबलाय."

"फोन करून सांगा."

"तुला काय झालंय चंद्रिका?" तो हसला. हसताना तो तिचा मल्लेश होता, पुरता. म्हणून तिने वाट सोडली.

दुपारी एकपासून त्याचा फोन लागेना. दीड वाजता तिने माळशिरसच्या दुकानदाराला, सयाजीला, फोन केला.

"आले हुते की वैनी. माल टाकून साडेधालाच निगाले. अजून पोचलं न्हाईत व्हय?"

६

दोन वाजले. शेडची खटखट थांबली. तिने कपाट उघडलं.

"पाव्हण्या, आज शेवट करायचा. त्याला घरी आणायचं."

"हूं."

ती सांगू लागली. घाईघाईने, गावं मोजत. वेळापूर मागे पडलं. पंढरपूर मागे पडलं. गाडी कुठे वळली नाही, कुणी चहा विचारला नाही, वाटेत पाणी लागलं नाही. ऊन होतं, रस्ता होता, तो येत होता. प्रत्येक वाक्याला हूं येत होता आणि प्रत्येक वाक्य किती भिकार आहे हे तिला कळत होतं. मोहोळ आलं.

"एक सुचवू?" पाव्हणा म्हणाला. "तुम्हाला हवा तसाच शेवट करा. पण तो आला नाही, तर ही कथा वाचणारा आयुष्यभर विसरणार नाही."

"नको."

"ठीक आहे. पुढे सांगा."

ती पुढे सांगू लागली, पण ते आता तिच्या डोक्यात शिरलं होतं. तोंड म्हणत होतं की तो गल्लीत शिरला, आणि आत, त्याच वेळी, दुसरा शेवट एकेक वाक्याने उलगडत होता. त्यात तो येत नव्हता. त्यात वाट बघणारी बाई होती, आणि तिच्यासाठी असे शब्द येत होते की चंद्रिकेला आठ वर्षं ज्याची आस लागली होती ते हेच, असं तिला वाटलं. तिला लाज वाटली आणि आनंदही झाला. दोन्ही खरं होतं.

"तो दारात आला," ती मोठ्याने म्हणाली. "घरी पोचला. संपली गोष्ट."

हूं आला नाही. कूलरचं पाणी बादलीत टपटपलं.

मग पाव्हणा म्हणाला, "दोन शेवट झाले आहेत. कोणता ठेवू?"

"म्या एकच सांगितला."

"दोन आहेत."

तिने टॅबवरचा मजकूर बोटाने वर सरकवला. पहिला होता, तिने बोललेला, अर्ध्या पानाचा. त्याखाली दुसरा. तिने मनात धरलेला, जसाच्या तसा. मधे एका ठिकाणी तिचा एक शब्द अडखळला होता, तोही तिथे अडखळलेला होता.

पुसून टाकायचा. एवढंच करायचं होतं. बोट तिने वर नेलंही. पण लिहिणाऱ्या माणसाची एक खोड असते; वाक्य कानांनी ऐकल्याशिवाय त्याला राहवत नाही. एकदा, फक्त एकदा, कसं वाटतं ते बघू आणि पुसू. ती वाचू लागली, आणि पुटपुटत नव्हे. आवाज आपोआप मोठा झाला, वडिलांसारखा, ओट्याच्या टोकापर्यंत पोचणारा. वाक्यावाक्याला हूं येत होता. शेवटच्या दोन ओळी वाचताना तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"तो आला नाही," तिने वाचलं.

"हूं," पाव्हणा म्हणाला, आणि हूं तेवढ्यापुरता संपला नाही. मधल्या खोलीतून, माठाच्या बाजूने, अगदी अस्पष्ट, आणखी कुणीतरी म्हणालं.

ती धावत मधल्या खोलीत गेली. कुणी नव्हतं. परत येऊन तिने दुसरा शेवट पुसला, मग पहिला, मग सगळी गोष्ट. मागच्या शेडमध्ये माग सुरू झाले.

७

दिवेलागणीला मल्लेश आला. तिने टेम्पोचा आवाज ऐकला, दार उघडलं, आणि रस्त्यावरच, शेजारणीच्या देखत, त्याचे दोन्ही दंड धरले. असं ती नवी नवरी असतानाही वागली नव्हती.

"चल, चल की आत," तो म्हणाला. "काय झालंय एवढं?"

त्याने हात-पाय धुतले, विभूती लावली. ती समोर बसली आणि त्याला जेवताना पाहू लागली. तो नीट जेवत होता. घास धरून थांबत नव्हता.

"दोन वाजल्यापास्नं मोहोळच्या फाट्यावर हुतो," तो थोड्या वेळाने म्हणाला. "रस्ताच उमजंना. मग तुझा आवाज आला."

"माझा?"

"व्हय. म्हनत हुतीस, मोहोळ आलं, गल्लीत आला, दारात आला. बरं वाटलं. गाडी चालू केली. तवर मागनं परत तुझाच आवाज. त्यो म्हनत हुता, आला न्हाय." त्याने पाण्याचा तांब्या उचलला, प्यायला. "लई गोड म्हनलीस गं. तसं तू मला कवा बोलली न्हाईस."

चंद्रिकेने तांब्या पुन्हा भरून ठेवला.

"मग गाडीचं पलीकडचं दार उघडलं. आन् एक गडी उतरून चालाय लागला, त्या मागच्या आवाजाकडं. पाठच दिसली. पर आपली चाल माणूस वळखतंच की." तो हे हवापाणी सांगावं तसं सांगत होता. "हाक मारली. त्यानं वळून बघितलं न्हाय. त्याला तुझंच ऐकायचं हुतं."

"आन् तुमी?"

"मी आलो की. साधं बोलावलं हुतंस, त्या आवाजावर आलो." त्याने तिच्याकडे पाहिलं. नजर तीच, माया तीच, आणि तरी त्या नजरेत उत्तराची वाट पाहणं होतं. "तुला कोण पायजे हुता गं?"

"तुमीच," ती लगेच म्हणाली.

त्याने समाधानाने मान हलवली आणि भाकरीचा उरलेला तुकडा आमटीत बुडवला. चंद्रिका दार लावायला उठली. बाहेर गल्लीत दिवे लागले होते, कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. तिने कडीवर हात ठेवला. आतून मल्लेशने विचारलं, दार लावलंस का. ती हो म्हणाली, आणि कडी न लावता तिथेच उभी राहिली.